मेलेले परत येतात; जागा कोणाची जाते?

प्रश्न असा आला आहे: "पाच-सहा वर्षं सुपरहिरो कॉमिक्स वाचतोय. दर वर्षी एक भलामोठा क्रॉसओव्हर येतो, 'आता काहीच पूर्वीसारखं राहणार नाही' अशी जाहिरात होते, कोणीतरी मरतं आणि दोन वर्षांत परत येतं. या इव्हेंटचा पात्रांवर टिकणारा परिणाम खरंच होतो का, की सगळा विक्रीपुरता खेळ?"

विक्रीपुरता खेळ असतोच. ते आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. या धंद्यात मला 22 वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं परदेशी कॉमिक्सच्या पानांवर फ्लॅटिंग करण्यात गेली. रंगकाराने छटा भरायच्या आधी प्रत्येक आकार सपाट रंगाने वेगळा करून द्यायचा, अशी ती हमाली. मग लेटरिंग, म्हणजे फुग्यांतले संवाद आणि कॅप्शन अक्षरांत मांडणं, केलं, आता स्क्रिप्ट तपासतो. त्यामुळे कथेपेक्षा कथेचा पसारा कोण आवरतं, याकडे माझं लक्ष आधी जातं.

तुमच्या तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मेलेला परत आला की परिणाम पुसला गेला. मला हे पटत नाही. परत येणं हाच पुष्कळदा सगळ्यात खोल परिणाम असतो. फक्त तो परत आलेल्याच्या वाट्याला येत नाही, त्याच्या मागे जागा सांभाळून बसलेल्याच्या वाट्याला येतो.

आपल्या मराठी वाहिन्यांवरचे 'महासंगम' आठवा. दोन मालिकांची कुटुंबं गणपतीत किंवा कोणाच्या तरी लग्नात एकत्र येतात, दोन्हीकडच्या सासवा एकमेकींना टोमणे मारतात, एखादं गुपित फुटतं. सोमवारी ज्याचं भांडण त्याच्या घरी पुन्हा सुरू. कारण दोन्ही मालिकांचे लेखक वेगळे, आणि पाहुण्यांनी केलेला पसारा आवरायला कोणालाच सवड नसते. अमेरिकन इव्हेंट याच जातीचा प्रकार आहे. मुख्य मालिका एक नावाजलेला लेखक लिहितो, बाकीच्या मासिक अंकांना 'टाय-इन' म्हणून त्यात ओढलं जातं. तिथली दुकानं अंक आगाऊ मागवतात आणि न खपलेले बहुतेक अंक दुकानदाराच्याच गळ्यात राहतात. म्हणून 'हा अंक चुकवू नका' हे आधी दुकानदाराला पटवावं लागतं, वाचकाचा नंबर नंतर. जाहिरातीतली ती प्रलयाची भाषा त्याच्यासाठी असते.

एक घरचा किस्सा सांगतो. मी एका छोट्या प्रकाशनात लेटरिंग आणि जुळवाजुळव पाहत होतो (नाव सोडून देऊ). दोन नायकांना एकत्र आणणारा विशेषांक ठरला. धक्का हवा म्हणून दुसऱ्या फळीतल्या नायकाचा डावा हात शेवटच्या पानावर तोडला. सगळे खूश. पण त्या नायकाच्या स्वतःच्या मासिकाचे पुढचे तीन अंक इंकिंग (पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणं) होऊन कपाटात पडले होते, आणि त्यांत त्याला व्यवस्थित दोन हात होते. मी पहिल्या पॅनेलवर कॅप्शन चिकटवली: 'ही घटना त्या रात्रीच्या आधीची.' पुढच्या महिन्यात पुन्हा तीच. तिसऱ्या महिन्यात त्या मासिकाचा लेखक संपादकांच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "हात तुम्ही तोडलात. आता तो बुटाची नाडी कशी बांधतो, ते मी दाखवायचं ना?" चिडून बोलला होता, पण चौथ्या अंकात त्याने खरंच आठ पानं तेवढंच लिहिलं. एक माणूस, एक बूट, एक नाडी आणि खाली रस्त्यावर वाजणारा सायरन. विशेषांकाबद्दल फारशी पत्रं आली नाहीत. त्या आठ पानांबद्दल आली.

तेव्हापासून कुठलाही इव्हेंट वाचताना माझा प्रश्न एकच असतो: नाडी कोणी बांधून दाखवली?

आता मोठ्यांकडे वळू. 1985-86 मध्ये डीसी या बड्या अमेरिकन कंपनीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' हा बारा अंकांचा इव्हेंट काढला, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. असंख्य समांतर पृथ्वींचा गुंता मोडून एकच पृथ्वी ठेवायची, हा हेतू. सातव्या अंकात सुपरगर्ल मेली, आठव्यात विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला आठवा अंक सातव्याच्या आधी मिळाला होता, त्यामुळे माझ्यासाठी बॅरी आधी गेला. असो. बॅरी तब्बल 23 वर्षं मेलेला राहिला. कॉमिक्समध्ये हा काळ म्हणजे युगच म्हणायला हवं. पण त्याच्या मरणाचा परिणाम मरणाच्या पानावर शोधू नका. तो शोधायचा वॉली वेस्टकडे.

वॉली हा बॅरीच्या बायकोचा, आयरिसचा भाचा, त्याचा धाकटा साथीदार 'किड फ्लॅश'. बाराव्या अंकात त्याने काकाचा पोशाख अंगावर चढवला आणि 1987 पासून त्याच नावाचं मासिक त्याच्या खांद्यावर आलं. सुरुवातीला तो बॅरीइतका वेगाने धावूच शकत नव्हता. लेखक माईक बॅरनने त्याला थोडा उथळ, पैशांमागे आणि मुलींमागे लागलेला तरुण दाखवला. पुढे 1992 मध्ये मार्क वेड आला, आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला: हा मुलगा हळू का धावतो? 1993 च्या 'द रिटर्न ऑफ बॅरी ॲलन' या कथेत उत्तर मिळतं. बॅरी परत आल्यासारखा दिसतो, पण तो बॅरी नसून वेड लागलेला शत्रू निघतो. त्याच्याशी लढताना वॉलीला कळतं की पायांत दोष नव्हता. आपण बॅरीएवढे वेगवान झालो, तर बॅरीची जागा खरोखर भरली जाईल आणि मग तो कायमचा गेला असं होईल, ही भीती त्याला मागे ओढत होती. आपल्याकडे वडिलांच्या दुकानाच्या गादीवर वर्षानुवर्षं कडेलाच बसणारा मुलगा पाहिला असेल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको. इव्हेंटने एक मृतदेह दिला होता. त्यातून माणूस घडवायला पुढची सात-आठ वर्षं आणि दोन-तीन लेखक लागले.

मग 2008 मध्ये, 'फायनल क्रायसिस'च्या सुमारास, बॅरीला परत आणलं. परत आणणारे लेखक बॅरी वाचत लहानाचे मोठे झालेले. त्यांचं प्रेम खरं होतं, यात शंका नाही. पण त्यानंतर वॉलीचं काय झालं पाहा. 2011 च्या 'फ्लॅशपॉइंट' इव्हेंटनंतर डीसीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, 52 मासिकं नव्याने काढली, आणि तो वॉली त्यात नव्हताच. मेला असता तरी कोणी आठवण काढली असती. हा तर जन्मलाच नाही. 2016 मध्ये 'रीबर्थ'च्या अंकात तो परत आला, लोक हळहळले, खूश झाले. आणि लगेच 2018-19 च्या 'हीरोज इन क्रायसिस'मध्ये, मानसिक उपचारांसाठी आलेल्या सहकाऱ्यांचा जीव त्याच्या हातून गेल्याचं दाखवलं. 2021 मध्ये दुसऱ्या लेखकाने, जेरेमी ॲडम्सने, त्याला त्या डागातून मोकळं केलं. हिशेब मांडा: एका माणसाच्या मरणाने वॉली घडला, त्याच माणसाच्या परतण्याने वॉलीची दहा वर्षं गेली. आता सांगा, टिकाऊ परिणाम कशाचा?

दुसरं उदाहरण याहून विचित्र, कारण तिथे इव्हेंट एकाचा आणि नाश दुसऱ्याचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 1992 च्या शेवटी सुपरमॅनला मारलं, 1993 मध्ये चार बदली सुपरमॅन आणून खऱ्याला परत आणलं. त्या परतीच्या कथेत खलनायकांचा दरारा दाखवायला एक शहर बेचिराख करायचं होतं. सुपरमॅनचं मेट्रोपोलिस ठेवायचं होतं, म्हणून कोस्ट सिटी उडवली. सत्तर लाख माणसं. कोस्ट सिटी ही ग्रीन लँटर्नची, हॅल जॉर्डनची नगरी. हिरव्या अंगठीच्या शक्तीने विश्वाची राखण करणाऱ्या दलातला हा एक. सुपरमॅन काही महिन्यांत काळा पोशाख, लांब केस घेऊन परत आला, पुढे केसही कापले. हॅलचं मात्र घर गेलं होतं.

पुढचा भाग 1994 च्या सुरुवातीला हॅलच्या स्वतःच्या मासिकात, 48 ते 50 या अंकांत आला. दुःखाने भ्रमिष्ट झालेला हॅल आपल्याच सहकाऱ्यांच्या अंगठ्या काढून घेतो, संपूर्ण दल मोडतो आणि पॅरालॅक्स नावाचा खलनायक होतो. त्याच वर्षी 'झीरो अवर'मध्ये तो काळच पुसायला निघतो. 1996 च्या 'फायनल नाइट'मध्ये विझणारा सूर्य पेटवून मरतो. 1999 मध्ये त्याला स्पेक्टर या दैवी सूडकर्त्याचं रूप मिळतं. म्हणजे पात्र एका इव्हेंटच्या हातून दुसऱ्याच्या हाती, एखाद्या बदलीवरच्या सरकारी नोकरासारखं. शेवटी 2004-05 मध्ये जेफ जॉन्स आणि चित्रकार ईथन व्हॅन साइव्हर यांनी 'ग्रीन लँटर्न: रीबर्थ' केलं आणि सांगितलं की पॅरालॅक्स हा हॅलच्या मनाचा विकार नव्हताच, ती भीतीची मूर्तिमंत शक्ती होती आणि तिने त्याला झपाटलं होतं. त्याच्या कानशिलावरचे पांढरे केससुद्धा त्याच झपाटण्याची खूण ठरवली.

याला आमच्या भाषेत रेटकॉन म्हणतात: जुनी घटना तशीच ठेवायची, पण तिचा अर्थ मागे जाऊन बदलायचा. हा रेटकॉन कारागिरी म्हणून मला फार आवडतो. हिरव्या अंगठ्या पिवळ्या रंगापुढे निकामी का होतात, या जुन्या आणि जराशा हास्यास्पद नियमालाही त्यात उत्तर मिळालं. आणि तरी वाचक म्हणून थोडी चुटपुट लागते. शहर गेल्यावर कोसळलेला माणूस हे मूळ पात्र खरं होतं. भूत लागलं होतं म्हटल्यावर त्याची जबाबदारी हलकी झाली. पण त्याच भीतीच्या कल्पनेवर पुढे 2007 चं सिनेस्ट्रो कोअरचं युद्ध आणि 2009-10 ची 'ब्लॅकेस्ट नाइट' उभी राहिली. सुपरमॅनच्या परतीसाठी कोणीतरी सहज उडवलेल्या शहरातून सतरा वर्षांचं कथानक निघालं. ते आधी कोणी ठरवलं होतं, असं मला वाटत नाही. बहुतेक टिकाऊ परिणाम असेच असतात. शेजारच्या घरात पडलेल्या ठिणगीसारखे.

डीसीची प्रतिस्पर्धी मार्व्हल, तिच्याकडे पाहिलं तर सगळ्यात चिवट परिणाम एका कपड्याचा आहे. 1984-85 चं 'सीक्रेट वॉर्स' हे खेळण्यांसाठी निघालं. मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या पात्रांच्या बाहुल्या काढायच्या होत्या, आणि मुलांना 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे शब्द आवडतात असं चाचणीत दिसलं म्हणून ते नाव. हे तेव्हाचे मुख्य संपादक आणि या मालिकेचे लेखक जिम शूटर यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. नायक एका महिन्याच्या अंकात नाहीसे झाले आणि पुढच्याच महिन्याच्या अंकात बदलून परत आले. मध्ये काय झालं ते वर्षभर हप्त्याहप्त्याने. स्पायडरमॅन काळ्या पोशाखात परतला. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना एका वाचकाकडून 220 डॉलरला विकत घेतलेली होती. वाचकांना पोशाख आवडो न आवडो, काढून टाकायला तर कारण हवं. मग तो जिवंत परग्रही जीव निघाला, आणि 1988 मध्ये, 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या 300 व्या अंकात, त्यातून व्हेनम उभा राहिला. खेळणी विकायला काढलेल्या इव्हेंटने एवढा मोठा खलनायक दिला, तो पोशाख बदलण्याची सबब म्हणून. त्या युद्धात कोण जिंकलं, हे मला आज पुस्तक उघडल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

आता 2006. हे वर्ष माझं आवडतं उदाहरण आहे, कारण एकाच कंपनीत एकाच वेळी दोन इव्हेंट चालू होते. एक 'सिव्हिल वॉर', लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. नायकांनी सरकारकडे नाव नोंदवायचं की नाही, यावरून त्यांच्यातच पडलेली फूट. वर्तमानपत्रांत बातम्या, दुसऱ्या अंकात स्पायडरमॅन सगळ्या जगासमोर मुखवटा काढतो. ते पान पाहून मीसुद्धा खुर्चीतून उठलो होतो. दीड वर्षात, 2007 च्या अखेरीस, ते सगळं सैतानाशी सौदा करून पुसलं, आणि जाताजाता त्याचं वीस वर्षांचं लग्नही पुसलं. 1987 मध्ये झालेलं लग्न! मुखवटा काढल्याचा परिणाम टिकला नाही, पण तो मिटवण्याची किंमत त्याच्या बायकोने, मेरी जेनने मोजली, आणि त्यावरून वाचक अजून भांडतात. कॅप्टन अमेरिकाही त्या युद्धानंतर गोळी लागून पडला आणि 2009-10 मध्ये परत आला. मधल्या काळात लेखक एड ब्रुबेकरने त्याची ढाल त्याच्या जुन्या साथीदाराच्या, बकीच्या हाती दिली आणि ते अंक उत्तम आहेत. तिथे नाडी बांधलेली आहे.

पण 'सिव्हिल वॉर'ने खरा कोणाला मोडला, तर स्पीडबॉलला. स्टीव्ह डिटको आणि टॉम डिफाल्को यांनी 1988 मध्ये आणलेला हा पोरगा: चेंडूसारखा उड्या मारतो, त्याच्याभोवती रंगीत बुडबुडे. विनोदी पात्र. युद्ध सुरू व्हायला निमित्त हवं म्हणून त्याचा 'न्यू वॉरियर्स' हा तरुण संघ टीव्हीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर धाड घालतो आणि स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो. 612 माणसं मरतात, संघातले जवळजवळ सगळे जातात, हा वाचतो. मग त्याला 'पेनन्स', म्हणजे प्रायश्चित्त, केला: आतून 612 काटे असलेला पोशाख, मेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा एक, वेदना झाल्याशिवाय शक्ती चालत नाही. त्या काळी मी हे पाहून हसलो होतो. बुडबुड्यांचा पोरगा आणि काटेरी चिलखत! नंतर लाज वाटली. पुढे लेखकांनी त्याला पुन्हा रंगीत पोशाखात आणलं, पण त्यानंतर तो विनोद करतो तेव्हा वाचणाऱ्याला आकडा आठवतो. मोठ्या नायकांचे डाग धुतले जातात, कारण त्यांच्यावर सिनेमे आणि खेळणी उभी असतात. स्पीडबॉलसाठी धोबी कोण ठेवणार? त्याच युद्धात मारलेला गोलायथ, म्हणजे 1966 पासूनचा बिल फॉस्टर, त्याचा मृतदेह तर राक्षसी आकारातच पुरावा लागला. स्टीव्ह रॉजर्सच्या, म्हणजे मूळ कॅप्टन अमेरिकाच्या, परतीला स्वतंत्र मालिका निघाली. बिल फॉस्टरसाठी तसा सोहळा कोणी मांडला नाही. एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला गोऱ्या नायकांच्या भांडणाचं गांभीर्य दाखवायला मारलं, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती.

त्याच वेळी तिकडे अंतराळात 'ॲनायहिलेशन' चालू होतं. कीथ गिफेन आणि इतर काही लेखक, फारसं कोणाचं लक्ष नसलेली पात्रं, वर्तमानपत्रांत बातमी नाही. त्याच्या 2007-08 च्या पुढच्या भागात स्टार-लॉर्ड, रॉकेट रॅकून, ग्रूट ही 1960 आणि 1976 पासून अडगळीत पडलेली मंडळी एका तुकडीत आली. 2008 मध्ये डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी त्यांतून नवी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' उभी केली. सहा वर्षांनी, 2014 मध्ये, त्याच जमावावर सिनेमा आला. झाड आणि रॅकून घराघरांत गेले. सगळं जग मुखवट्याकडे पाहत होतं, आणि टिकणारी गोष्ट मागच्या अंगणात रुजत होती. असं का झालं? माझा अंदाज साधा आहे: त्या पात्रांवर कोणाचाच हक्क नव्हता. मासिक नव्हतं, सिनेमाचा करार नव्हता, 'हात तोडू नका' म्हणणारा संपादक नव्हता. म्हणून खरे बदल करता आले, आणि ज्यांनी बदल केले त्यांनाच पुढे लिहायला मिळालं.

या दोन इव्हेंटची गाठ पडते तो प्रसंग जरूर वाचा. नोव्हा, म्हणजे रिचर्ड रायडर, हा न्यू वॉरियर्सचा जुना सोबती. तो सगळा काळ आकाशगंगा वाचवण्यात गुंतलेला. 2007 मध्ये त्याच्या मासिकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अंकात तो घरी येतो. तोवर मित्र मेलेले, स्पीडबॉलचा पेनन्स झालेला, आणि आयर्न मॅन त्याला सांगतो की नाव नोंदव. गल्फमधून किंवा सैन्यातून रजेवर आलेल्या माणसाला घरातली भाऊबंदकी कळते, तसं काहीतरी. मोठा स्फोट नाही, विश्व वाचवणं नाही. मुख्य मालिकेच्या सात अंकांपेक्षा ते दोन अंक मला जास्त लक्षात राहिलेत.

बायकांच्या पात्रांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण इव्हेंटचं बिल त्यांच्या नावावर फाडण्याची खोड जुनी आहे. वांडा, म्हणजे वास्तवच बदलू शकणारी ॲव्हेंजर स्कार्लेट विच, हिची मुलं आधीच कथेत पुसलेली होती. 2004 मध्ये त्या दुःखाने ती वेडी झाल्याचं दाखवून जुने ॲव्हेंजर्स मोडले. 2005 च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये तिच्या तोंडी 'नो मोर म्युटंट्स' हे तीन शब्द घातले आणि जगातले लाखो म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेले, सामान्य माणसं झाले. एक्स-मेन या म्युटंट संघाच्या लेखकांना त्यातून वर्षानुवर्षं पुरेल एवढं कथानक मिळालं: लुप्त होत चाललेली जमात, शेवटचं मूल, वेढ्यातलं बेट. वांडाला मिळालं ते गुन्हेगाराचं नाव. ते पुसायचा एक प्रयत्न 2010-12 मध्ये झाला, आणि म्युटंटांशी तिचा समेट थेट 2021 मध्ये. सोळा वर्षं. त्याच इव्हेंटमध्ये, 2004 मध्ये मेलेला ॲव्हेंजर हॉकआय मात्र जिवंत होऊन परतला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

बार्बरा गॉर्डनचा, म्हणजे बॅटगर्लचा, प्रवास उलट दिशेने जातो. 1988 मध्ये जोकरच्या गोळीने ती अपंग झाली. ती गोष्ट बॅटमॅनची, तिची नव्हेच. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या जोडप्याला ते खटकलं, आणि त्यांनी 1989 मध्ये 'सुइसाइड स्क्वॉड'च्या 23 व्या अंकात तिला ऑरॅकल केलं: व्हीलचेअरवर बसून अख्ख्या नायकसृष्टीला माहिती पुरवणारी. आणि ते मासिक तरी कुठून आलं? 1986-87 च्या 'लेजंड्स' या इव्हेंटमधून. त्या पथकाची सूत्रधार अमांडा वॉलरही तिथलीच. 'लेजंड्स'मधलं बाकी आज कोणाला आठवतं? दोन दशकं ऑरॅकल ही बॅटगर्लपेक्षा मोठी भूमिका होती. 'फ्लॅशपॉइंट'नंतर तिला पुन्हा चालतं करून बॅटगर्लचा पोशाख दिला, तेव्हा अनेक अपंग वाचकांनी विचारलं, की आमच्यासारखं कोणी होतं, ते का काढून घेतलंत? पुन्हा तेच: घाव नव्हे, घाव 'बरा' करणं महाग पडलं.

आपल्या दारातलं एकच उदाहरण देतो, पण अस्सल. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीने भारतीय स्पायडरमॅन काढला: पवित्र प्रभाकर, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला मुलगा, काका भीम, काकू माया, अंगात धोतर. चार अंक झाले आणि विषय संपला. खरं सांगायचं तर ते अंक मला फार आवडले नव्हते; मूळ पात्राची नावं बदलून मुंबईत आणल्यासारखं वाटायचं. दहा वर्षांनी, 2014-15 च्या 'स्पायडर-व्हर्स' इव्हेंटमध्ये सगळ्या विश्वांतले स्पायडरमॅन गोळा केले तेव्हा पवित्रलाही हाक गेली. गर्दीतला एक. पण त्या गर्दीत उभं राहिल्यामुळे तो पुन्हा यादीत आला. 2023 मध्ये त्याची नवी मालिका निघाली आणि त्याच वर्षी पडद्यावरही तो दिसला. त्याच इव्हेंटच्या जोड-मालिकेत एका सुट्या अंकापुरती आणलेली स्पायडर-ग्वेन तर काही महिन्यांत स्वतःच्या मासिकाची मालकीण झाली. इव्हेंट म्हणजे हजेरीपटही असतो. विस्मरणात गेलेल्यांना तिथे 'हजर' म्हणता येतं.

2015 मध्ये त्याच जुन्या नावाने निघालेल्या नव्या 'सीक्रेट वॉर्स'मध्येही असंच एक छोटंसं रत्न आहे. दुसऱ्या विश्वातल्या स्पायडरमॅनचं, माइल्स मोरालेसचं, जग नष्ट होतं, तो मुख्य विश्वात येतो, आणि मेलेली आईसुद्धा परत मिळते. का, तर विश्वाच्या नाड्या हातात असलेल्या भुकेल्या माणसाला त्याने खिशातला शिळा हॅम्बर्गर दिला म्हणून. एवढ्या प्रलयात मला तो हॅम्बर्गर आठवतो. आणि ही परती मला खटकत नाही, कारण आईची जागा कोणी घेतलेली नव्हती. कोणाला उठवून तिला बसवावं लागलं नाही.

तर तुम्ही कसं वाचावं? मुख्य मालिका उधार मिळाली तर वाचा, विकत घेऊ नका. इव्हेंट संपल्यावर सहा महिन्यांनी त्यातल्या सगळ्यात कमी प्रसिद्ध पात्राचं मासिक उघडा. तिथे त्या घटनेची आठवण कोणी काढतंय का, घर बदललंय का, कोणाची खुर्ची रिकामी आहे का, ते बघा. लेखक बदलला असेल तर बहुतेक काही सापडणार नाही. तोच लेखक असेल, किंवा नवा असून जुनं वाचून आलेला असेल, तर सापडेल. सुरुवात 'द रिटर्न ऑफ बॅरी ॲलन'पासून करा. आधीचं फारसं माहीत नसलं तरी चालतं. मग नोव्हाचे ते दोन अंक.

आणि आमच्या त्या एकहाती नायकाचं पुढे काय झालं, असं विचाराल, तर नाडीच्या अंकानंतर त्याचं मासिक दीड वर्ष चाललं आणि कागद महागल्यावर बंद पडलं. शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतलं होतं, छापून आल्यावरच आम्ही पाहिलं. सूर्यास्ताकडे पाठ करून तो उभा आहे, दोन्ही हात कमरेवर.